कोरडे बावीस

२० जानेवारी, सोमवार

पुन्हा मोजणी चुकली! चौदा झाले होते की पंधरा? बाहेर पोदेराचा भोंपू वाजला, पाव घ्यायला उठले, शेजारच्या रेश्माशी बोलत उभी राहिले, परत आले तर डोकं कोरं. सगळे मणी परत वाटीत.

काम तसं पोरखेळाचं. लाल, पांढरा, हिरवा — तीन मण्यांचा एक संच. असे बावीस संच एकापुढे एक, मध्ये दुसरं काही नाही. रूपाली मॅडमना कॉलेजात, वर्गात टांगायचाय हा मण्यांचा सर. एक मणी म्हणजे डीएनएचं एक अक्षर; शरीरातल्या एका जनुकात हीच तीन अक्षरं अशी ओळीने येत राहतात, साध्या माणसात साधारण बावीस वेळा. दुसऱ्या वर्षाला मी त्यांचा वर्ग सोडून हिमाचलला पळाले होते. त्या अजून माझ्याशी बोलतात, हेच खूप. "परीक्षेला बसली नाहीस, पण हात चांगला आहे तुझा," म्हणाल्या.

हात आईचा. मी डीएनएची कानातली करते ती तिच्या अबोलीच्या फातीवरूनच, ती बाजारात विकायची त्या गजऱ्यावरूनच सुचलेली — दोन दोरे, मध्ये फूल, पीळ, पुन्हा फूल. फुलाच्या जागी मणी घातले, एवढंच. हरमलच्या किनाऱ्यावर विकते. फॉरेनर लोकांना ती स्प्रिंग वाटते. वाटू दे.

मॅडमनी जनुकाचं नाव सांगितलं तेव्हा मी मान डोलावली, जसं काही पहिल्यांदाच ऐकतेय. आईच्या रिपोर्टवर तेच नाव आहे. तिचे बावीस नाहीत. एकोणचाळीस आहेत.

२१ जानेवारी

काही केलं नाही. तरी दमले.

२३ जानेवारी, गुरुवार

बांबोळीच्या हॉस्पिटलातून फोन. माझा रिपोर्ट आलाय. फोनवर सांगत नाहीत, समोर या म्हणतात. म्हटलं, सोमवारी येते.

लिहून टाकते म्हणजे डोक्यातून जाईल. आपल्यात असे दोन सर असतात — एक बापाकडचा, एक आईकडचा. आईला आजीकडून बावीस आले आणि आजोकडून जास्तीचे. त्या दोनातला कुठला तरी एक तिने मला दिलाय. ती तरी काय निवडून देणार! जास्तीचा आला असेल तर चाळिशीच्या आसपास तोल जायला लागतो, मग हात, मग जीभ. औषध नाही.

गेलं नाही डोक्यातून.

लाटंबार्सेत आजो बांधावरून झुलत चालायचा तर लोक म्हणत, सकाळीच हुर्राक चढली याला. आयुष्यात थेंब घेतला नव्हता त्याने! आता आईला डिचोलीच्या बाजारात बसायला जमत नाही. शेवटच्या दिवशी भाजीवाली पद्मावती हसत म्हणाली होती, "देवकी, आज खंय घेतलंस गो?" आईही हसली. घरी येऊन फुलांची पाटी धुतली, पालथी घातली. ती अजून पालथीच आहे.

२६ जानेवारी, रविवार

आई शेजारी येऊन बसली, मण्यांच्या वाटीकडे हात केला. "हाड हंय. मी घालतंय चार."

हात थरथरतात तिचे, पण मणी मोठे आहेत, सुई लांब आहे, आणि मला कंटाळा आला होता. "लाभ, दोन, तीन..." — पहिल्याला ती एक म्हणत नाही, लाभ म्हणते. बाजारातली सवय. ते ऐकता ऐकता मी मोबाईलवर स्पितीचे जुने फोटो बघत बसले. एक मित्र आता तिथेच कॅफे चालवतो. त्याच्या कुत्रीला सात पिल्लं झालीत.

संध्याकाळी बघते तर सर पूर्ण! सोन्यासारखी आई. मी मोजलासुद्धा नाही.

२७ जानेवारी

हरमलला गेले. बांबोळीला नाही.

२९ जानेवारी, बुधवार

म्हापशाला जाऊन मॅडमना सर दिला. त्यांनी टेबलावर पसरून पेनाच्या टोकाने मोजला.

"सेजल, पंचवीस आहेत हे."

मी स्वतः बोटाने पुन्हा मोजले. पंचवीस म्हणजे आजार नव्हे, हे मला माहीत आहे — तरी! मॅडम हसून म्हणाल्या, "असू दे. पेशीसुद्धा नक्कल करताना इथेच घसरते. सगळं एकसारखं असलं की कुठवर आलो ते कळत नाही. जास्तीचा सर असेल तर आईबापाकडून मुलाकडे येताना दोन-चार वाढतात कधीकधी." मग माझ्याकडे नीट बघून — "बसतेस का जरा?"

नाही बसले. सर परत घेऊन आले. म्हटलं, नवा करून देते.

३० जानेवारी, गुरुवार

आईला विचारलं, पंचवीस कसे झाले? तिलाच नवल वाटलं.

"दहा झाले, एक वर घातलो. वीस झाले, परत एक. मगे शेवटी एक."

"पण का?"

"का म्हणजे? गिऱ्हायकाक कोरडं मोजून देता काय कोण! वर काय तरी घालूक व्हया."

तीस वर्षं तिने असंच दिलंय. दहा फात्या घेतल्या की अकरावी वर. कोरडा आकडा म्हणजे चिकटपणा, गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही.

मला हसू आलं, आणि हसता हसता सगळं सांगून बसले. तिला नीट असं कुणी कधी सांगितलंच नव्हतं. डॉक्टर इंग्रजीत बोलले, बाबांनी मान हलवली, झालं. म्हटलं, आई, तुझा आजार म्हणजे हेच. हेच तीन मणी. बावीस हवेत, तुझ्यात एकोणचाळीस आहेत.

तिने हातातल्या सरावरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"मगे तुका मी किती दिले?"

"माहीत नाही."

"वर घातलेच असतले," ती म्हणाली. "माझो हातच तसो."

३१ जानेवारी

आई जेवली नाही. मीही नाही. बाबा विचारत होते, भाजी खारट झाली काय.

२ फेब्रुवारी, रविवार

कालही बाहेर, आजही. आज नार्वेला. काम काही नव्हतं. नदीकाठी एक माणूस मिरच्यांना पाणी घालत होता, ते बघत बसले. सत्तावीस वाफे. हल्ली काहीही मोजते. मोजायचं ते सोडून!

कंटाळा आलाय मला या पळण्याचा. पूर्वी पळाले की हलकं वाटायचं. दाराआड माझी बॅग दिवाळीपासून न उघडता पडलीय. आई रोज विचारते, "कधी जातलंस?" आज नाही विचारलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी उठले तर आई उंबऱ्यावर बसलेली, मांडीवर सर. मी बाहेर भटकत होते ते सगळे दिवस ती एकटी ओवत होती. दोनदा वाटी सांडली, रेश्माने मणी वेचून दिले.

"मोज."

मोजले. बावीस. पुन्हा मोजले. बावीस.

"एक पण वर नाय," म्हणाली. "कोरडे."

आवाज असा, की देवासमोर बोलतेय. बोटांच्या टोकांना सुईची भोकं. जन्मात पहिल्यांदा तिने कुणाला कोरडं मोजून दिलं होतं!

"आता जा," म्हणाली, "आणि तुझो कागद घेवन ये."

५ फेब्रुवारी, बुधवार

बाबांकडचा बावीस. आईकडचा एक्केचाळीस. तिच्यापेक्षा वर दोन.

ती दारातच उभी होती, चौकट धरून. "किती?"

"बावीस," म्हटलं. खोटं नाही.

रेश्माकडून तिने फाती आणवून ठेवली होती. माझ्या केसांत माळायला खूप वेळ लागला तिला. मी हलले नाही. म्हणाली, "आता खुशाल जा गो, खंय जावचां तंय."

जाईन, म्हटलं. घाई नाही.