उपवासाला चालतं

३ जून २०२४
आज पुन्हा शौचातून रक्त. थोडंच. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये रोज बीटाची भाजी असते, हे सुचेताला समजावलं. ती म्हणे, बीट खाऊन वजन उतरत नाही. पोट सुटलं होतं तेव्हाही हीच बोलत होती.
तिचे वडील आतड्याच्या कॅन्सरने गेले. तेव्हापासून कुणी शिंकलं तरी हिला कॅन्सर दिसतो. घाबरट बायको मिळाली.

८ जून
बेंगळुरूतच, हेब्बाळला डॉ. सौम्याकडे. वय माझ्या टीममधल्या पोरींएवढं. मी महिन्याभराचं प्रेझेंटेशन नेलं होतं: वेळ, रंग, आहार, ग्राफसकट. पहिली स्लाइड बघून कानडी मिसळत म्हणाली, सरी सरी, म्हणजे बरं बरं, स्वल्प डाव्या कुशीवर झोपा. आणि थेट बोट! एवढा डेटा समोर असताना बोट!
नंतर म्हणे कोलोनोस्कोपी करा, याच आठवड्यात. मी विचारलं, मूळव्याध नाही हे कशावरून? ती म्हणाली, आत दुर्बीण घालून बघितल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. म्हणजे हिलाही माहीत नाही. स्वतःच कबूल केलं.

२२ जून
निर्णय: टेस्ट करणार, पण माझ्या सोयीने. १८ जुलै. आदल्या दिवशी आषाढी एकादशी, पोट आपोआप रिकामं. एका दगडात दोन पक्षी. सुचेताचं तोंड एवढंसं झालं. प्लॅनिंग म्हणतात याला, तिला कुठून कळणार?

१७ जुलै
डॉक्टरणीने बजावलंय, आज फक्त गाळलेलं पातळ. नारळपाणी वगैरे. वर जुलाबाच्या औषधाचा हा मोठा जग. पण साबुदाणा म्हणजे काय अन्न आहे? आई एकादशीला ताटभर खिचडी खाऊन आज पोटात काही नाही म्हणायची, आणि जन्मात तिचं पोट बिघडलं नाही.
सुचेताने करायला साफ नकार दिला. स्वतः केली. दाण्याचं कूट सढळ हाताने. मस्त झाली. औषध अर्धं प्यायलो. शी! अर्धं पुरे, माझी प्रकृती मुळात नाजूक.

१८ जुलै
शुद्ध फार्स. डॉ. सौम्या म्हणाली, काही दिसलंच नाही, जिकडेतिकडे दाण्याचे कण. पुढच्या आठवड्यात नीट तयारी करून परत या. मी म्हटलं, तुमच्या कॅमेऱ्याला शेंगदाणा ओलांडता येत नाही, हा माझा दोष? नर्स हसली. घरी येऊन रिव्ह्यू टाकला. एक स्टार.
सुचेता पार्किंगमध्ये रडली. हात जोडले. परत जाऊ या म्हणाली. लोकांसमोर तमाशा. तिला म्हटलं, तुझ्या बाबांनी सगळ्या टेस्ट केल्या होत्या ना? काय उजेड पडला? तिने डोळे पुसले, गाडीत जाऊन बसली. मुद्दा पटला की माणूस गप्प होतो.

५ नोव्हेंबर
इसबगोल, ताक, सुरण. रक्त दिसत नाही. (बघायचंच बंद केलंय. टेन्शननेच होतं ते.) पँट ढिली झाली. ऑफिसात सगळे विचारतात, कुठलं डाएट? टीममधल्या अवधूतला टिप्स दिल्या.

९ फेब्रुवारी २०२५
पोटात कळा. बेंगळुरूचं पाणी. पुण्यात असं कधी झालं नाही.
सुचेता हल्ली काही म्हणत नाही. घरात शांतता आहे.

३० ऑगस्ट
पोट फुगलं, उलट्या, अँब्युलन्स. नेमकी तीच डॉक्टर नशिबात.

४ सप्टेंबर
ऑपरेशन झालं. गाठ होती. लिव्हरपर्यंत गेली आहे म्हणतात. शौचासाठी पोटाला पिशवी लावलीय.
डॉ. सौम्या राउंडला आली. मी सोडतो काय! सुचेतासमोरच विचारलं, मागच्या वर्षी तुमच्या मशीनला दिसलं असतं तर असा काय मोठा फरक पडला असता? चांगली कचाट्यात पकडली. ती म्हणाली, तेव्हा बहुतेक लहान असती. काढून टाकली असती, तुम्ही बरे झाला असता. आवाजसुद्धा चढवला नाही.
सुचेता उठली, पर्स घेतली, बाहेर गेली.
चहा प्यायला गेली असेल. सकाळची गेली आहे. आत्ता संध्याकाळची नर्स विचारून गेली, सोबत कोण आहे? मी सांगितलं, बायको आहे. येईलच.