पाय न पडणारी जागा

केंब्रिज,
बुधवार, ११ फेब्रुवारी २०२६

चि. वरदास आईचे अनेक आशीर्वाद.

दोन दिवसांच्या कामाला लीड्सला गेली आहेस, तिथे थंडी फार असेल, मफलर घालतेस ना? इकडे आम्ही ठीक. जावई म्हणून सांगत नाही, पण अनिशराव दोन्ही वेळा गरम जेवतात. एकाच घरात राहून पत्र लिहितेय म्हणून हसू नकोस. काल फोनवर तोंडाशी आलं होतं, पण जेवलीस का एवढंच विचारून मी फोन ठेवला.

शुक्रवारी तू तो मातीतल्या जंतूंवरचा पेपर छापायला पाठवणार. त्यावर नोकरी कायम होणार, नाहीतर जूनमध्ये व्हिसा संपणार. म्हणून आधी हे वाच.

रविवारी तू नाचतच स्वयंपाकघरात आलीस. "आई, मागच्या अंगणातल्या मातीत सहा वर्षं मी काही म्हणजे काही घातलं नाही. तरी हे जंतू एवढे माजले कशावर?"

मी म्हणाले, "देवाची करणी."

"मग पेपरात महादेवाचंही नाव टाकूया की, आई!" असं अनिशराव म्हणाले. तुम्ही दोघं हसलात. माझी पोळी करपली.

वरदा, अभिषेकाचं तीर्थ पाय पडेल तिथे ओतू नये. सिंकमध्ये ओतायला हात धजेना. मागच्या अंगणात प्रयोगाच्या मातीभोवती तू ठोकलेल्या चार खुंट्या नि सुतळीच्या आत कुणीच पाऊल टाकत नाही. या घरात तेवढीच जागा मला सोवळी वाटली. ८ सप्टेंबरपासून दर सोमवारी, डाव्या कोपऱ्यात, वाटीभर पंचामृत. दूध, दही, तूप, मध, साखर. शेवटचं २ फेब्रुवारीला. उजवीकडे कधीच नाही, महादेवाची शपथ.

परवाच्या सोमवारी हात थांबला. ती वाटी फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात झाकून ठेवली आहे. तुझ्या जंतूंशी ताडून बघ.

आणखी एक. सातवीत असताना तू औषधाच्या बाटल्यांत ठिकठिकाणची माती जमवली होतीस. प्रत्येकीवर चिठ्ठी. दिवाळीच्या सफाईत त्या गेल्या. लीलावतीबाईंनी टाकल्या, असं मी सांगितलं. बिचारी भांडी घासताना तुला हाका मारायची, तू महिनाभर ओ दिली नाहीस. ती वारली तेव्हाही मी खरं सांगितलं नाही.

त्या बाटल्या मी टाकल्या होत्या. घाण म्हणून.

पत्र तुझ्या लॅपटॉपवर ठेवतेय. तू आलीस की मी देवघरापाशी बसलेली असेन. जे बोलायचं ते बोल. या वेळी मी दुसऱ्या कुणाचं नाव सांगणार नाही.

तुझी,
आई