तळं चालतं, बाई

बाई, तुमचं बरोबर होतं. आज सकाळी पवईला मी तळं चालताना पाहिलं आणि घरी येऊन चहासुद्धा न टाकता लिहायला बसले आहे.

उजाडताना काठावर गुडघाभर पाण्यात थर्मामीटर धरला. होडीतून जाऊन आत खोलावर धरला. काठ गार, आत कोमट! मग काठाच्या पाण्यात जिलबीचा रंग चिमूटभर सोडला. शेजारी गळ टाकून बसलेले काका म्हणाले, "ओ मॅडम, होळीला वेळ आहे ना अजून?" माझी नजर रंगावरच होती, कारण तो पसरत नव्हता. तो खाली बसला आणि तळाला चिकटून, उतारावरून, सावकाश आत निघाला. काका वाकून बघतात आणि म्हणतात, "जातंच ते. दाणा इथे टाकला की मासा तिकडे लागतो."

तुम्ही हेच फळ्यावर काढायचात. रात्रीत उथळ पाणी आधी गार होतं, जड होतं, घसरतं आणि काठच्या कुजक्या पानांचं, गाळाचं खत मधल्या पाण्याला नेऊन देतं. माझ्या प्रयोगवहीत मी 'साचलेलं पाणी' लिहिलं होतं. तुम्ही लाल शाईने खोडलंत. "उभं पाणी म्हण गं. उभा माणूस कधीही चालायला लागतो." स्टाफरूममध्ये मात्र सगळे हसायचे. आपल्याकडे थंडी पडते कुठे, हे तिकडच्या देशांतलं, म्हणायचे.

आणि मग त्या वर्षीची ती बाटली. तळ्याच्या मध्यावर तळातून पाणी भरून आपण काठाला परत आलो होतो, मी अजून होडीतच बसले होते. मगर दिसली असं कुणीतरी ओरडलं, मी दचकले, बाटली मांडीवर सांडली. तुम्ही काठावर उतरून पुढे गेला होतात. मी खाली वाकले, काठाचंच पाणी भरलं आणि 'मध्य' लिहिलेलं लेबल तसंच ठेवलं. पाण्यात खत जितकं जास्त तितकी नळी निळी, आणि प्रयोगशाळेत नळी गडद निळी झाली. तुम्ही माझा दंड धरून म्हणालात, "बघ! काठाचं खत मध्यावर पोचलंय!" तुम्हाला इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. तेव्हाच बोलायला हवं होतं. तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, त्यांनी मध्यावरचं पाणी आणून पुन्हा मोजायला लावलं आणि त्या दुपारी नळी जेमतेम निळसर निघाली. "बाईंचं तळं आज सुट्टीवर वाटतं," कुणीतरी म्हणालं. तुम्हीही हसलात. त्यानंतर ते चित्र फळ्यावर कधी आलं नाही.

आजचा रंग मी चार-पाच हातच जाताना पाहिला. तेवढ्याने ते मध्यावर पोचतं हे सिद्ध होत नाही. अजून पुष्कळ सकाळी मोजायला हवं, आणि मी मोजणार आहे. पण तुम्ही बरोबर ठरावं ही घाई तुमच्यासाठी आहे की माझ्यासाठी, हे मला सांगता येत नाही. तुम्ही बरोबर असलात, तरी माझी बाटली खोटीच राहते.

हे पत्र वहीतच राहील. तुम्ही गेलात, आता पत्ता उरला नाही, हे कारण सोपं आहे, पण खरं नाही. तुम्ही आजारी होतात तेव्हा पार्ल्याला तुमच्या इमारतीखाली मी दोनदा आले होते. दुसऱ्या वेळी तुम्ही गॅलरीत बसला होतात. मी भाजीवाल्याच्या गाडीआड उभी राहिले, तुम्ही आत जाईपर्यंत.