सोळा साउंड, सगळे फायनल

३ फेब्रुवारी, सकाळी ६.५०
नवा कीबोर्ड घरी येऊन चौथा दिवस. वजन अकरा किलो. जुना बावीस किलोचा होता, आणि तो उचलून उचलून माझी कंबर गेली हे बँडमधल्या एकाही माणसाला कधी जाणवलं नाही. ह्यात सहाशे बारा साउंड आहेत. कंपनीने भरलेले, म्हणजे कुणीतरी घाईघाईत भरलेले. एकही जसाच्या तसा वापरायचा नाही.

संकल्प: शोला चाळीस दिवस आहेत. रोज सकाळी एक तास बसायचं. सोळा साउंड निवडायचे, घासूनपुसून आपले करायचे, सेव्ह करायचे.

हे नुसतं साउंडचं काम नाही. काल ड्रमरने सगळ्यांसमोर सांगितलं की शो झाला की बसून ठरवू, कीबोर्ड ठेवायचा की चौघांतच भागवायचं. हल्ली स्टेज लहान मिळतात, जागा पुरत नाही म्हणे. ड्रमर दातांचा डॉक्टर आहे, पण बोलताना भूल देत नाही. अठरा वर्षांपूर्वी हा बँड मी आणि त्याने मिळून काढला, माझ्या चष्म्याच्या दुकानाच्या माडीवर. बाकीचे तिघे नंतर आले. वाद घालायचा नाही. माझे साउंडच काय ते बोलतील.

६ फेब्रुवारी, सकाळी ७.३०
पियानो घेतला. पियानो हा पाया. एकूण चोवीस पियानो आहेत, त्यातले एकवीस बाद केले. उरलेल्या तिघांत निवड होईना, म्हणून हिला बसवलं. दुकानात गिऱ्हाइकाला विचारतो तसंच शांतपणे विचारलं, हा बरा की हा? ती म्हणाली, दोन्ही सारखेच. सामान्य माणसाचा कान! पुन्हा वाजवले. मग ती म्हणाली की पहिल्या दिवशी पेटी उघडल्या उघडल्या जो वाजला होता तो बरा होता. तो कंपनीचा पहिल्या नंबरचा साउंड. मी हसलो. तिला कामं होती, ती गेली.

९ फेब्रुवारी
पियानोला थोडा घुमारा दिला. मग मागे हलकी व्हायोलिनं लावली. मग आणखी थोडा घुमारा. हेडफोनमध्ये डोळे मिटून ऐकलं तर अंगावर काटा येतो. नाव दिलं ‘पियानो फायनल’. दुपारी दुकानातून फोन करून लेकीला सांगितलं की कीबोर्डला हात लावू नकोस. ती म्हणाली, कशाला लावू?

१० फेब्रुवारी
‘पियानो फायनल २’.

१३ फेब्रुवारी, रविवार, दुपारी
तालीम. दगा.

घरी जो पियानो रडवत होता तो माडीवर ऐकूच येईना. मी आवाज वाढवला तर गिटारवाला म्हणाला, खोलीत धुकं आल्यासारखं वाटतंय. ह्या मुलाला बँडमध्ये येऊन दीड वर्ष झालंय. ड्रमर म्हणाला, जरा कमी कर. गातो तो माझा मेव्हणा, हिचा धाकटा भाऊ. तो म्हणाला, भाऊजी, छान आहे, पण जरा कमी. बेसवाला कधीच काही बोलत नाही, तो आजही बोलला नाही. त्यातल्या त्यात तोच माझ्या बाजूचा.

साउंडवाला स्पीकर ठेवायला आला होता, त्याने फुकटचा सल्ला दिला. हेडफोनमध्ये साउंड दोन्ही कानांत पसरतो, स्टेजवर तो एका वायरने जातो आणि घुमाऱ्याचा चिखल होतो. घरी हेडफोन काढून, एका साध्या स्पीकरवर, बँडच्या रेकॉर्डिंगबरोबर वाजवून साउंड लावा, असं त्याचं म्हणणं. मी मान हलवली. जन्मभर वायरी गुंडाळणाऱ्याने मला ऐकायला शिकवायचं!

१७ फेब्रुवारी
विचार केला. चूक साउंडची नाही, ऐकण्याची आहे. गोंगाटात बारकावे कळत नाहीत. निर्णय: ह्यापुढे तालमीतही हेडफोन घालणार, वायर थेट कीबोर्डात. मला माझं स्वच्छ ऐकू आलं की मी चांगला वाजवणार, मी चांगला वाजवला की बँड चांगला होणार. इतकं सरळ आहे.

२० फेब्रुवारी
हेडफोन घालून तालीम. अप्रतिम. इतका छान बँड मी आजवर ऐकला नव्हता. दोनदा गाणं थांबलं होतं आणि मी पुढे वाजवत राहिलो, एवढंच. दुसऱ्या वेळी मेव्हण्याला खांद्याला हात लावून सांगावं लागलं.

२६ फेब्रुवारी, सकाळी ८
सोळापैकी अकरा साउंड झाले. ऑर्गनला तीन दिवस गेले. ही हल्ली सकाळी गच्चीवर चालायला जाते. तब्येतीसाठी म्हणे, आणि नेमकी मी बसतो त्याच वेळी. लेक अभ्यासाला मैत्रिणीकडे जाते, तिच्याकडे वातावरण शांत असतं म्हणून. घरात कलाकार असला की घरच्यांना त्याची किंमत नसते. बरं वाटत नाही, पण लिहून ठेवतो.

आज दुकानात एका बाईंना दूरचा नंबर जवळच्या चष्म्यात बसवून दिला. त्या परत आल्या, फार तावातावाने बोलल्या. माझ्या डोक्यात तेव्हा ट्रम्पेट होता.

५ मार्च
विजय! दुसऱ्या भागातल्या मोठ्या गाण्याची सुरुवात, पूर्ण सोळा मात्रा, मला एकट्याला दिली. बाकी सगळे गप्प, फक्त मी. मेव्हण्याने स्वतःहून दिली. म्हणजे आधी हिच्याशी फोनवर बराच वेळ बोलला, दार लोटून, आणि मग मला दिली. त्यांचं काय बोलणं झालं माहीत नाही, माझ्या साउंडबद्दलच असणार. ड्रमर फक्त ‘बघू’ म्हणाला.

त्या सोळा मात्रांसाठी खास साउंड हवा. ‘पियानो फायनल’ आता ९ वर आहे.

११ मार्च
बारा वेळा बदलून पुन्हा ‘पियानो फायनल ४’ वर आलो. पण त्यात आता ९ मधली व्हायोलिनं आहेत. हे कुणालाही सुचलं नसतं.

१४ मार्च, संध्याकाळी
शेवटची तालीम. मेव्हण्याचा घसा बसलाय. पट्टी दोन घरं खाली आणा, म्हणाला. गिटारवाला आणि बेसवाला कपाळाला आठ्या घालून नवीन जागा शोधत बसले. मी एक बटण दाबलं. माझ्या कीबोर्डला तशी सोय आहे: उणे दोन केलं की बोटं जुन्याच जागी आणि सूर आपोआप खाली. त्यांचे चेहरे बघण्यासारखे होते.

घरी येऊन सोळाही साउंडवर शेवटचा हात फिरवला आणि एकेक करून सेव्ह केले. आता कुणाच्या बापाला बदलता यायचे नाहीत. चाळीस दिवसांचं काम झालं. ह्यापुढे बटणाला हात लावायचा नाही, कानाला खडा.

१५ मार्च, दुपारी ४, हॉलमधून
साउंड चेक झाला. साउंडवाला म्हणाला, काहीतरी वाजवा. एकट्याने वाजवलं. रिकाम्या हॉलमध्ये काय घुमलं! सफाईवाल्या बाई झाडू थांबवून बघत होत्या. मेव्हण्याचा घसा वाफ घेऊन सुटलाय, तो नेहमीच्याच पट्टीत गाणार आहे. त्याने सगळ्यांना ओरडून सांगितलं. आनंदच आहे. हिला तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची मिळाली.

१६ मार्च, सकाळी ९
काय लिहू! आयुष्यातला सगळ्यात मोठा शो. अडीच तास हेडफोनमध्ये नुसतं सोनं. पहिल्याच गाण्यात ड्रमर माझ्याकडे बघून मोठमोठ्याने काहीतरी म्हणत होता, तोंड लाल झालं होतं. अठरा वर्षांत त्याने पहिल्यांदा दाद दिली. मीही मान डोलावली. गिटारवाला अर्धं मिनिट डोळे फाडून बघत राहिला. मेव्हण्याला तर गाता गाता गहिवरून आलं असावं, दोन ओळी त्याला सुचल्याच नाहीत.

आणि त्या सोळा मात्रा! मी डोळे मिटूनच वाजवल्या. एकदा उघडले तर गिटारवाल्याचीही बोटं चालू होती. माझ्या एकट्याच्या जागेत घुसला. सांगितलेलं असूनही! असो, गिटार माझ्यापुढे कुठे ऐकू जाणार. नंतर अख्खा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. मी कीबोर्डमागून बाहेर येऊन वाकून नमस्कार केला. तेव्हा सगळे बँडवाले एकमेकांकडे बघत होते. माणसाचं यश जवळच्यांना जड जातं. ही मात्र घरी येताना गाडीत फार प्रेमाने वागली, दोनदा विचारलं, दमलास का?

१८ मार्च, दुपारी, दुकानात
साउंडवाल्याने रेकॉर्डिंग पाठवलं. गिऱ्हाईक नसताना ऐकलं.

मी त्यात नाही.

पहिल्या गाण्याची चाळीस सेकंदं कसलातरी भयंकर कालवा आहे, मग एकदम सगळं स्वच्छ होतं आणि शेवटपर्यंत स्वच्छ राहतं. दुसऱ्या भागातल्या सोळा मात्रा गिटारवर आहेत. त्यालाच टाळ्या आहेत. मी तीनदा ऐकलं. साउंडवाल्याला उद्या बोलावलंय. हा सरळ सरळ कट आहे आणि मी त्याला सोडणार नाही.

१९ मार्च, दुपारी २
साउंडवाला आला. मी तावातावाने सुरुवात केली, तर तो आधी चकितच झाला. मला वाटलं तुम्हाला सांगितलं असेल, म्हणाला. त्याच्या लॅपटॉपवर प्रत्येकाची फाइल वेगळी असते. बाहेर आवाज बंद ठेवला तरी फाइलमध्ये वाजवलेलं राहतं. त्याने आधी माझी एकट्याची फाइल लावली. गोड. मी म्हणालो, बघा! मग मेव्हण्याची एकट्याची लावली. तीही गोड. मग दोन्ही एकत्र लावल्या आणि मीच हात पुढे करून बंद केल्या.

घरी जाऊन कीबोर्ड चालू केला. स्क्रीनच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत उणे दोन. दुसरा साउंड, उणे दोन. तिसरा, उणे दोन. सोळाच्या सोळा. मी घासूनपुसून, एकेक करून सेव्ह केलेले. ते बटण सेव्हच्या बटणाला इतकं खेटून ठेवायची काय गरज होती?

२० मार्च, सकाळी
काल सगळं लिहिलं नाही. आज लिहितो.

साउंडवाल्याला विचारलं, माझा आवाज बंद करायला कुणी सांगितलं? ड्रमरने? तो म्हणाला, नाही, वहिनींनी. पहिल्या गाण्यात चाळीसाव्या सेकंदाला वहिनी चपला हातात घेऊन धावत मागे आल्या. म्हणाल्या, ह्यांचा बंद करा, पण त्यांना कळू देऊ नका. मध्यंतरात ड्रमर मला येऊन सांगणार होता की तुझी पट्टी चुकलीये, दुरुस्त कर. एक बटण दाबायचं काम होतं. तर हीच म्हणाली, राहू दे, इतके खुशीत आहेत, कशाला. मग मेव्हण्याने सोळा मात्रा गिटारवाल्याला दिल्या. आणि बेसवाला, जो कधीच बोलत नाही, तो बोलला म्हणे. म्हणाला, आता गाणं ऐकू येतंय.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. परक्याने केलं असतं तर भांडलो असतो. हिने माझी फजिती वाचवली हे मला कळतं, मी काही दगड नाही. पण एक बटण होतं. एकजण जरी येऊन म्हणाला असता तरी दुसरा भाग मी वाजवला असता. मला फार वाईट वाटलंय. दुकान आज उशिरा उघडलं.

हिला विचारलेलं नाही. ती बोलेल म्हणून वाट बघतोय.

२१ मार्च
बोलली नाही. गच्चीवर चालायला मात्र गेली नाही, मी कीबोर्डवर बसत नाही म्हणून. दोन वेळा येऊन विचारलं, आज वाजवत नाहीस का?

२२ मार्च, सकाळी ८.३०
संकल्प: बँड सोडायचा. त्यांनी काढायच्या आत. काय बोलायचं ते रात्री मनात ठरवलं होतं, ‘अठरा वर्षं’ने सुरुवात होती.

पावणेआठला बँडच्या ग्रुपवर मेव्हण्याचा मेसेज आला. पुढच्या महिन्यात दोन शो मिळाले. स्टेज लहान आहेत, पण सगळ्यांनी बसून ठरवलंय की कीबोर्ड ठेवायचाच. भाऊजींशिवाय स्टेज रिकामं दिसतं. ह्या वेळी साउंडचं सेटिंग कधी नव्हे इतकं चांगलं जमलं होतं, तर दोन्ही शोला अगदी तसंच ठेवू, काडीचाही बदल नको. हरकत असेल तर कळवा.

ड्रमरचा अंगठा आला. गिटारवाल्याचा आला. बेसवाल्याचा आला. तिकिटांचं ही बघते, म्हणून तीही ग्रुपवर आहे. ती माझ्या शेजारीच बसली होती. फोन जरा पलीकडे वळवून तिनेही अंगठा दिला. मग मला म्हणाली, बघितलंस का, ठेवलं तुला. तिचे डोळे भरून आले होते, खोटं नाही सांगत.

मी आत येऊन ‘हरकत आहे’ असं लिहिलं. पण मग काय ते सांगावं लागलं असतं. ती दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, सगळे तुझ्यासाठी थांबलेत.

मीही अंगठा दिला.