एकदाच विचारायचं

३ एप्रिल २०१६, रविवार

चर्चमध्ये कॉफीच्या वेळी आर्डिस आत्याने विचारलं, "सिग्ने, आपल्या ओप्डाल घराण्याचा यंदाचा मेळावा तू बघशील?" मी म्हटलं, छे गं, मला कुठे जमतंय. तिने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, सोरेनला विचार ना, माझ्या सगळ्या चुलतभावंडांत तोच मोठा. तिने तिसऱ्यांदा विचारलं. मी हो म्हटलं. सगळं रीतसर झालं.

मेळावा नीट झाला तर निळी वही माझ्याकडे येणार. पणजोबा नॉर्वेहून मिनेसोटात आले आणि १९२२ साली त्यांनी पहिला मेळावा भरवला. तेव्हापासून कोण आलं, कोणी काय आणलं, सगळं त्या वहीत आहे. गेली एकतीस वर्षं ती आत्याकडे आहे. सहा वर्षांची असताना मी वहीवर जेली सांडली होती. १९९८ चं पान अजून उघडत नाही.

मला ती वही हवी आहे. फार. हे फक्त इथे लिहिते.

९ एप्रिल

आत्याने पद्धत समजावली. एक्केचाळीस घरं, प्रत्येक घराला तीन फोन. पहिल्या फोनला लोक म्हणतात, बघू, आमचं काय एवढं. दुसऱ्याला म्हणतात, उगाच तुम्हाला त्रास. तिसऱ्याला म्हणतात, एवढा आग्रहच आहे तर येतो. म्हणजे एकूण एकशे तेवीस फोन आणि त्यातल्या ब्याऐंशी फोनांवर माणसं चक्क खोटं बोलतात. खोटं बोलू नये हे मला ह्याच लोकांनी शिकवलं!

संकल्प: यंदा एकदाच विचारायचं. फॉर्म पाठवायचा. दोन चौकोन, हो आणि नाही.

आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "हं. वेगळंच आहे." आत्या सहसा इतकं कौतुक करत नाही.

२१ मे

सगळे फॉर्म आले. हो: दोन. नाही: एकोणचाळीस.

लोक किती मोकळे झाले! चौऱ्याण्णव वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांना खरं बोलू दिलं. एल्रॉय काकांनी 'नाही'वर खूण करून खाली लिहिलंय, "टेबलं लावायला किती वाजता येऊ?" व्हर्ना काकूने लिहिलंय, "नाही. ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश दुसरं कुणी आणत नाहीये ना?" हे सवयीने लिहिलं गेलं असणार. चौकोन महत्त्वाचा.

आईबाबांचंही 'नाही' आहे. ते पलीकडच्याच खोलीत असतात. जाऊन विचारावंसं वाटलं, पण नियम म्हणजे नियम.

दोन 'हो'पैकी एक माझा (यादीत माझं घर वेगळं धरलंय), दुसरा सोरेनचा. त्याला लहानपणापासून रीत अशी कळलीच नाही. पहिल्यांदा विचारलं की हो म्हणतो. बिचारा.

४ जून

तळ्याकाठचा मोठा मंडप रद्द केला, छोटा घेतला. त्यात दोन बाकं आहेत. मोठा मंडप लगेच पोल्का नाचणाऱ्यांच्या क्लबने घेतला. कॉफीच्या पिंपाऐवजी एक थर्मास पुरेल.

एक्केचाळीस घरांना खरी परिस्थिती कळवणं माझं कर्तव्य. पत्र लिहिलं: "यंदा दोनच घरं येत आहेत. माझं मन अजिबात दुखावलेलं नाही." 'अजिबात' तीनदा खोडलं, चौथ्यांदा ठेवलं.

१६ जुलै

तयारी पूर्ण. पाटी रंगवली: एकदाच विचारा. अक्षर सुरेख आलंय. आई पाच डझन अंडी उकडत होती. कुणासाठी, विचारलं. म्हणाली, असू देत. आई हल्ली विसरते.

१७ जुलै, रविवार
सकाळी ९.४०

एल्रॉय काका आले. म्हणाले, "मी काही थांबत नाही हं. टेबलं कुठायत?"

१०.१५

व्हर्ना काकू फक्त हॉटडिश ठेवायला आली. ठेवून बसली.

११.००

एकशे त्रेसष्ट माणसं. बाकं दोन. हॉटडिश तेवीस. प्रत्येकाचं एकच म्हणणं, पत्र वाचून गलबलून आलं, म्हटलं पोरीकडे कुणीच नाही जाणार, निदान आपण तरी जावं.

११.३०

पोल्का क्लबने आमच्या लोकांना मंडपात बोलावलं. आमचे म्हणाले, नको नको. पुन्हा बोलावलं. नको हो, उगाच त्रास. तिसऱ्यांदा बोलावल्यावर सगळे गेले. क्लबची सॉसेजेस संपली.

दुपारी १.००

एल्रॉय काकांना कॉफी विचारली. नको म्हणाले. मी पाटीकडे बोट दाखवून पुढे गेले. अर्धा तास ते थर्मासकडे बघत होते. तत्त्व पाळताना थोडं कठोर व्हावं लागतं.

संध्याकाळी ५.००

आत्या वही घेऊन उभी राहिली. म्हणाली, चौऱ्याण्णव वर्षांत एवढी माणसं कधीच जमली नव्हती. टाळ्या. माझे कान तापले. मग एकशे त्रेसष्ट ओप्डालांसमोर आणि पोल्का क्लबसमोर तिने विचारलं, "सिग्ने, ही वही तू सांभाळशील?"

मी म्हटलं, "छे गं, मला कुठे जमतंय."

आत्याने पाटी वाचली. मोठ्याने. मग म्हणाली, "बरं. सोरेन, तू?"

सोरेनच्या तोंडात अंडं होतं. तरी हो म्हणाला.

१८ जुलै

शांतपणे विचार केला. नियम यशस्वी झाला. तो किती पटकन रुजला हेच कालच्या प्रसंगातून दिसतं. शिवाय आत्या पक्की जुन्या वळणाची आहे. दोनदा विचारायचं बाकी आहे हे तिला नक्की आठवेल. फोन चार्ज करून जवळ ठेवलाय.

२१ जुलै

फोन नाही. फोन बिघडलाय का बघायला आईला फोन करायला सांगितला. वाजला. आईने पलीकडच्या खोलीतून विचारलं, "आता उचलतेस का?"

सोरेन भेटला. म्हणाला, १९९८ चं पान त्याने वाफेवर धरून उघडलं. त्यात माझंच नाव आहे: "सिग्ने, वय सहा. जेली आणली."

२४ जुलै, रविवार

नवा संकल्प: यापुढे आत्या जे विचारेल त्याला पहिल्याच वेळी हो म्हणायचं. संधी दवडायची नाही.

दुपारी आत्याचा फोन आला! म्हणाली, "काय गं, येतेस का जेवायला?"

मी म्हटलं, हो.

मग आत्या म्हणाली, "अगं, मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं."

सहाला जाते आहे. तिच्याकडे फक्त टोस्ट आहे.