शेवंतीचा हंडा

५ नोव्हें., बुधवार
डिचोलीच्या बाजारातून येताना भंगारवाल्या सलीमभाईकडे डोकावले. मिळालं ते: चिनी मातीच्या तीन बरण्या (एकीचं झाकण दुसरीचं), बिनकाचेचा कंदील, आणि एक हंडा. न्हाणीतला, पाणी तापवायचा. इतका काळा की लोखंडी वाटावा. बुडाशी नखाने खरवडलं तर आत लाल! तांबं. चेहरा मख्ख ठेवला. तोंडावर आनंद दिसला की भाव वाढतो, हा या धंद्याचा पहिला धडा. सलीमभाई हसला. म्हणाला, "वयनी, कित्याक गप्प रवलंय? तांबां माका वासान कळता."
तरी घेतलाच. कुठून आला विचारलं तर पेडण्याच्या बाजूचा, एवढंच त्याला ठाऊक. नवऱ्याला, द.ला, पिकअप घेऊन बोलावलं. द. आणि सलीमभाई दोघांनी मिळून चढवला.

६ नोव्हें.
ओटीवर उजेडात ठेवून फोटो काढले आणि माझ्या जुन्या वस्तूंच्या पेजवर टाकले. दुपारपर्यंत बंगळूरच्या एका माणसाचा मेसेज. जुन्या घराचं हॉटेल करतोय म्हणे, दारात ठेवायला हवा. मी सांगितलेल्या किमतीला हो म्हणाला, घासाघीस नाही! अट एकच: हा धुराचा काळा रंग तसाच राहू द्या, हातसुद्धा लावू नका.
मला अजून या सगळ्याचं नवल सरत नाही. आमच्या ओटीवरून सोड्याची बाटली दिल्लीला गेली, फुटक्या कानाची किटली कुठल्या कुठे गेली. मी मात्र दोडामार्गची लेक, कारापूरची सून, पणजीच्या पुढे पाऊल नाही.
हा हंडा गेला की साखळीच्या बाजारातली दुकानाची खोली माझी. मालक महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणालाय, पुढे नाही. खाण बंद पडून द.चा टिप्पर गेला तेव्हापासून हा धंदा ओटीवर चालतो, आणि सासू रोज ऐकवते, "घर काय गो ह्यां, काय भंगारअड्डो?"

९ नोव्हें., रविवार
लिहू की रडू.
सकाळी माहेरी गेले होते, संध्याकाळी परत. अंगणात हंडा. लखलखीत! आये (सासू) शेजारच्या दोघींना घेऊन बसलेली, तिघींचे हात कोपरापर्यंत काळे. भिरंडाची (कोकमाची) सोलं, चुलीतली राख, नारळाची सोडणं, सगळं पसरलेलं. दिवसभर घासत होत्या.
मी ओरडले. कधी नव्हे ते फार बोलले. ती म्हणाली, "काळो हांडो कोण घराभायर काडता? लोकां काय म्हणतली, कारापूरची बायलां भांडी घासनत नाय?"
आता हिला काय सांगायचं, की तिकडे काजळीलाच किंमत आहे. मला तरी दोन वर्षांपूर्वी कुठे ठाऊक होतं!
जेवले नाही.

१० नोव्हें.
सकाळी पोदेराची घंटा वाजली म्हणून पाव घ्यायला दारात गेले. ऊन तिरपं हंड्यावर पडलं होतं. गळ्याभोवती काहीतरी चमकलं. टिंबं. टिंबाटिंबांची अक्षरं, भांड्यांवर नाव घालतात तशी. पण एक नाव नाही, गळाभर नावं. पाव हातातच राहिले.
बसून उतरवून घेतली, दोन तास लागले. सुरुवात अशी: "चि. शेवंती हिचे लग्नात आंबेखोल वाड्याच्या बायकांकडून". मग जानकी. पार्वती. व्हडली सीता. धाकली सीता. आनंदी. रोझालीन (ही ख्रिस्ती बाई मध्येच, सगळ्यांच्या रांगेत!). काशी. मथुरा... एकवीस. मग एक फूल कोरलंय, पाच पाकळ्यांचं, तांबटाची हौस. साल असावं तिथे पोचा पडलाय.
किती भांडी हातातून गेली. एका भांड्यावर एवढ्या बायका मी पाहिल्या नव्हत्या. 
आयेला वाचून दाखवलं. ती माझ्याशी बोलत नव्हती, तरी ऐकलं. शेवटी म्हणाली, "बघ. घासलंय म्हणान दिसलां."

११ नोव्हें.
बंगळूरवाल्याला खरं ते कळवलं: घासला गेला, नावं निघाली, फोटो पाठवतेय. उत्तर नाही. दुसरं कोणी घेतं का पाहावं म्हणून तेच फोटो सगळ्या नावांसकट पेजवर टाकले.
रात्री जेवताना द.ला विचारलं, आंबेखोल वाडा कुठे? त्याचा घास थांबला. म्हणाला, सुर्लाच्या पलीकडे होता. घरं उठली, खाणीची माती पडली, आता डोंगर झालाय, त्यावर झाडंही आलीत. "मीच ओतलीय गो तिथे माती. टिप्परच्या टिप्पर."
मग तो लवकर झोपला.

१४ नोव्हें.
एक बाई स्कूटरवरून आली, साखळीच्या शाळेत शिक्षिका आहे. पेजवरचा फोटो पाहून. "धाकली सीता म्हणजे माझी आजी." मी म्हटलं, या. ती हंड्याजवळ उकिडवी बसली, नावावर बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ उचललंच नाही. आजीचा एक फोटोसुद्धा नाही म्हणे घरात. शेवंती कोण, विचारलं. तिला एवढंच ठाऊक: बाप नसलेली पोर, लग्न होऊन पेडण्याकडे कोरगावला गेली, देवळाच्या तळीजवळचं घर. आहे की गेली, माहीत नाही.

१६ नोव्हें., रविवार
आज नऊ माणसं! जानकीचा नातू, मथुरेची सून, रोझालीनचा म्हातारा मुलगा काठी टेकत. त्याला ओटीवरची विकायला ठेवलेली कदेल दिली बसायला. कोणी अबोलीचा वळेसर आणला आणि हंड्याला घातला. मी भंगार म्हणून आणलेली वस्तू, आणि लोक चपला काढून जवळ येतात.
आये चहा करून दमली. तक्रार मात्र एक नाही.

१८ नोव्हें.
बंगळूरवाला जागा झाला. नावांचे फोटो त्याने कुणा जाणकाराला दाखवले. आता काळ्यापेक्षा हाच हवा, आणि मी सांगितलेल्याच्या दुप्पट देईन म्हणतो. मी तीनदा वाचलं. अट पुन्हा एक: "आता आहे तसाच हवा. यापुढे एक ओरखडासुद्धा नको, नाहीतर व्यवहार रद्द."
खोली मिळाली म्हणायची! आयेला सांगितलं तर ती म्हणाली, "जिचो हांडो, तिका तरी सांगलंय?"
म्हातारीचं तोंड म्हणजे ना. पण म्हणते ते खरं.

२१ नोव्हें., शुक्रवार
द. म्हापशाच्या बाजाराला भाजी घेऊन निघाला, त्याच्याबरोबर गेले, पुढे कोरगाव. तळीजवळचं घर सापडलं. दारात सून. म्हणाली, शेवंती नावाचं इथे कोणी नाही, माझी सासू सुभद्रा. मी परतायला वळले, तेवढ्यात आतून आवाज, "कोण गे? शेवंती म्हणान कोण साद घालता?"
लग्नात नाव बदललेलं. साठ वर्षं तिला त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती.
खिडकीपाशी खाटेवर बसलेली, बारीकशी, दृष्टी जवळजवळ गेलेली. मी सगळं सांगितलं: भंगारात मिळाला, घासला, नावं निघाली. मग वाचून दाखवायला फोन काढला. तिने हात वर केला. "थांब. माका म्हणूक दी."
आणि म्हणाली. जानकी, पार्वती, व्हडली सीता, धाकली सीता, आनंदी, रोझालीन... मी फोनवर एकेक नावावर बोट ठेवत होते. एकवीसच्या एकवीस, त्याच क्रमाने, कुठे अडखळली नाही. ती अक्षरं काजळीखाली गेल्याला किती वर्षं झाली असतील! सांगितलं तिने: तांबट नावं घालत होता तेव्हा ती दिवसभर शेजारी बसली होती, तो एकेक नाव मोठ्याने बोलायचा. मग सासरी रोज चुलीत लाकडं सारून, पाणी तापेपर्यंत ती नावं म्हणायची. माहेरी जायला मिळायचं नाही, म्हणून.
हंडा विकत घेतलेला नव्हताच. वाड्यावरच्या प्रत्येकीने घरातलं मोडकं तांबं दिलं. कोणी फुटका तांब्या, कोणी पळी, कोणी घागरीचं बूड. ते सगळं तांबटाने वितळवून ठोकून एक केलं. भंगारच की!
एकविसावं नाव झालं. मला वाटलं, संपलं. ती म्हणाली, "आनी मगे फूल."
मी म्हटलं, हो, नक्षीचं फूल आहे.
"तां नक्षी न्हय गे. ती माजी आवय."
मग सावकाश सांगितलं. बाप गेलेला. "घोव नसलेल्या बायलेचां नाव लग्नाच्या भांड्यार घालीत नाय. अपशकून." सगळ्यांनी मोडकं दिलं, आईने मात्र धड घागर दिली, घरात एकच होती ती. मग दोन पावसाळे मडक्याने पाणी भरलं. तांबटाला राहवलं नाही. तो म्हणाला, नाव घालता येत नाही, पण जागा रिकामी सोडवत नाही. आणि फूल काढलं.
सून दारात उभी राहून ऐकत होती, तिलाही हे पहिल्यांदाच कळत होतं. पदर तोंडाला लावून म्हणाली, गीझर बसवला तेव्हा आम्हीच दिला हो भंगारात, ही काही बोलली नाही.
मी विचारलं, परत आणून देऊ? (हो म्हणाली असती तर खोली गेली.) म्हातारी हसली. "माका नको. खंय ठेवतलंय? वीक तू. फकत एक कर. फुलाकडे तिचां नाव घाल. भागीरथी. आता कोण अडवतलो?"
परतताना वाटभर फोनमध्ये फुलाचा फोटो मोठा करून पाहत राहिले.

२२ नोव्हें.
एक ओरखडासुद्धा नको. एक ओरखडासुद्धा नको.
द. म्हणतो, तुझा धंदा, तू ठरव. आणि थोड्या वेळाने, "त्या वाड्यावर आणखी माती मी नाही घालणार." म्हणजे ठरवलंच की त्याने!
आयेला फुलाचं सांगितलं. तिने भाकरी थापायची थांबवली. द. लहान असतानाच माझा सासरा गेला. माझ्या लग्नात ही कुठे होती, असा विचार मी बावीस वर्षांत केला नव्हता. आज केला. मागच्या दारी होती. भांडी घासत.

२६ नोव्हें., बुधवार
डिचोलीला गेलो. तिघंही. आये कधी पिकअपमध्ये बसत नाही, आज स्वतःहून पुढे बसली. बाजारामागे एक जुना तांबट आहे, आता भांड्यांना नावं घालायला कोणी येत नाही म्हणाला, छिन्नी शोधायलाच वेळ लागला. हंडा पाहिला, गळ्यावरून अंगठा फिरवला, फुलाशी थांबला. म्हणाला, हा हात मोठा होता, माझी अक्षरं अशी नाही येणार.
मी म्हटलं, येतील तशी घाला.
"नक्की? एकदा टिंब पडलां काय परत फिरना नाय."
खोलीचं शटर, पाटी, सगळं डोळ्यांपुढून गेलं. आये म्हणाली, "भागीरथी. भ भटजीचो." तिला लिहिता येत नाही. अक्षर कुणाकडून विचारून आली होती कोण जाणे.
ठक, ठक, ठक. चार अक्षरं, जरा वाकडी. नवी टिंबं जुन्यांपेक्षा लालबुंद. बाजारातली दोन-चार माणसं उभी राहिली होती. मला हुंदका आला तो आलाच. लाज वाटली नाही.
कोरगावच्या सुनेला फोन लावला, म्हातारीच्या कानाशी धरायला सांगितलं, मी मोठ्याने सगळी नावं वाचली. बावीस. मग सून म्हणाली, ऐकलं त्यांनी.

२८ नोव्हें.
बंगळूरला नव्या अक्षरांचा फोटो पाठवला, जवळून काढलेला, काही न लपवता. फूल कोण, तेही लिहिलं. त्याने पाहिलंय, दोन निळ्या खुणा सकाळपासून आहेत. उत्तर नाही. खोलीवाल्याचा दोनदा फोन येऊन गेला. परवा महिना संपतो.
संध्याकाळी ओटीवर गेले तर आये हंड्याजवळ. पसाभर तांदूळ, नारळ, गुळाचा खडा, हळकुंड, एकेक करून आत ठेवत होती. लेकीची ओटी भरतात तशी, स्वतःच्या हाताने. मी दारातच थांबले.
म्हटलं, आये, कुठे जायचंय ते अजून ठरलं नाही.
"खंय जाय तंय जांव दी," ती म्हणाली. "रितो जांवक नाय तो."