धारेच्या शब्दाची नऊ पानं

हेलबू, १२ नोव्हेंबर १९५४

प्रिय मेरितताई,

तुझी तब्येत बरी असेल ना? तळं गोठायला लागलंय. माझे गुडघे कुरकुरतात, पण चालतंय. सहा वर्षांनी पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही.

बोली जमवणाऱ्या शहरातल्या कचेरीतून छापील प्रश्न आले होते. 'म्यॉल्का', म्हणजे धार काढणं, हा शब्द तुमच्याकडे कसा वापरतात? मी चार हिवाळे शाळेत गेलेला, पण नऊ पानं लिहिली. बाई काढते तीही म्यॉल्का, गाय देते तीही म्यॉल्का. आधी कोमट हाताने कास कुरवाळायची, गायीशी बोलत राहायचं, सगळं लिहिलं.

तिथल्या बाईंचं उत्तर आलं. शब्द फार जुना, म्हणतात, मुळात हाताने चोळणं, पुसणं असा अर्थ असावा. तुमच्याइतकं बारीक कुणी कळवलं नाही, म्हणतात. गुरुवारी आवाज धरायचं यंत्र घेऊन येतायत. धार काढता काढता बोला, म्हणे.

ताई, मी जन्मात धार काढली नव्हती. ती नऊ पानं तुझी आहेत, गोठ्याच्या दारातून ऐकलेली.

तुझं मनगट मोडलं त्या हिवाळ्यात चरवी घेऊन मी निघालो होतो, खरंच. फाटकाशी शेजारचा ऊलोव. "काय यॉन्स, डोक्याला बायकांचा रुमालही बांध की! गाय लाजेल ना बिचारी!" आपल्याकडे गडीमाणूस गायीखाली बसत नाही, तुला काय सांगायचं. मी परत फिरलो. तुला म्हणालो, "माझ्या हाताला गाय पान्हवत नाही." खोटं होतं ते. मी गोठ्यात शिरलोच नव्हतो.

फळी बांधलेल्या हाताने तू सात आठवडे चार गायी काढल्यास. बोटं वाकडी राहिली ती राहिलीच. त्यावरून तू मला कधी बोलली नाहीस, म्हणून मला लिहवेना.

बाईंना काल कळवलं, माझं नाव खोडा, मेरितचं लिहा. ऊलोवची सून आपली गाय काढायला येते, तिला आज म्हटलं, "सर बाजूला." ती म्हणाली, "काका, लाथ खाल!" खाल्ली. पाऊण वाटी निघालं. दार उघडं ठेवलं होतं. ऊलोव फाटकाशी हसत होता, पुष्कळ हसला.

गुरुवारी बस साडेबाराला येते. यंत्रापुढे तू बोल. हात माझे घे. यायचं नसेल तर दोन ओळींत तसं लिही, शिव्याही चालतील.

फाटकावरून परत फिरलेला,
तुझा भाऊ
यॉन्स